परकी पेटी, मराठी बोटे

एखादी वस्तू आपली केव्हा होते? ती आपल्या मातीत उपजलेली असते म्हणून, की आपल्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या तिच्यावर कष्ट घेतलेले असतात म्हणून? हा प्रश्न वरवर पाहता पंडितांच्या वादसभेतला वाटेल. परंतु आपल्या देशात तो एकदा थेट सरकारी हुकमाने निकालात काढण्याचा प्रयत्न झाला. १ मार्च १९४० पासून ऑल इंडिया रेडिओने हार्मोनियम या वाद्याला आपल्या ध्वनिक्षेपणातून हद्दपार केले. हे वाद्य विलायती आहे, त्याची स्वररचना आपल्या रागसंगीताला मारक आहे, असा आरोप होता. शिक्षा १९७१ पर्यंत चालली. त्यानंतर काही अटींवर साथीपुरता या वाद्याला पुन्हा प्रवेश मिळाला. मधली एकतीस वर्षे मात्र, देवळातल्या भजनापासून नाटकाच्या रंगपीठापर्यंत सर्वत्र ऐकू येणारी पेटी तेवढी सरकारी रेडिओवर मुकी होती.

ज्या माणसाच्या बोटांनी ही पेटी महाराष्ट्रात प्रतिष्ठित केली, तो हा हुकूम निघाला तेव्हा हयात होता आणि बंदी उठण्यापूर्वीच निवर्तला. त्याचे नाव गोविंद सदाशिव टेंबे. नाट्यसंगीताच्या रसिकांना हे नाव अपरिचित नाही; पण ते बहुधा 'मानापमान'चे संगीतकार म्हणून किंवा पहिल्या मराठी बोलपटातील हरिश्चंद्र म्हणून स्मरणात राहिले आहे. या दोन्ही कीर्तींच्या मुळाशी एक पेटीवादक बसलेला आहे, याची जाणीव क्वचितच ठेवली जाते. त्या वादकाच्या आयुष्याकडे पाहिले म्हणजे आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर सापडण्यास पुष्कळ मदत होते.

भिवंडीसारख्या गावाला तर हा प्रश्न परका वाटू नये. ज्या यंत्रमागाच्या खडखडाटावर हे गाव ओळखले जाते, तो यंत्रमाग मुळात विलायतेचा. ज्या विणकरांनी येथे माग मांडले, त्यांतील अनेकांचे पूर्वज १८५७ नंतरच्या धामधुमीच्या काळात उत्तर हिंदुस्थानातून चालत आलेले. यंत्रही बाहेरचे आणि हातही बाहेरचे. पण त्यांतून निघालेल्या कापडाला भिवंडीचे म्हणूनच ओळखतात. पेटीची आणि नाट्यपदाची कथा याहून फारशी वेगळी नाही.

पॅरिसहून कोल्हापुरास

हार्मोनियमचा जन्म पॅरिसचा. आलेक्सांद्र दबँ नावाच्या वाद्यकाराने १८४०-४२ च्या सुमारास त्याचे पेटंट घेतले. मिशनऱ्यांच्या आणि गोऱ्या अधिकाऱ्यांच्या सामानातून ते हिंदुस्थानात आले. मूळ वाद्य पायाने भाता चालवण्याचे आणि खुर्चीवर बसून वाजवण्याचे. आपली बैठक जमिनीवरची. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ते आटोपशीर केले, भाता मागे नेला आणि तो एका हाताने चालवण्याची सोय केली. उजवा हात पट्ट्यांवर आणि डावा भात्यावर, अशी जी मूर्ती आज आपल्या डोळ्यांपुढे येते, ती त्यानंतरची आहे. पाहता पाहता हे स्वस्त, टिकाऊ आणि वारंवार सूर लावण्याची कटकट नसलेले वाद्य घरोघर पोचले. युरोपात पुढे ते जवळजवळ विस्मृतीत गेले, येथे रुजले.

एक योगायोग येथे नमूद करण्याजोगा आहे. दबँ पॅरिसमध्ये हे वाद्य सिद्ध करीत होता त्याच सुमारास, म्हणजे १८४२ मध्ये, न्यू ऑर्लिन्सचा तेरा वर्षांचा एक मुलगा पियानो शिकण्यासाठी त्याच शहरात आला. त्याचे नाव लुई मोरो गॉट्सचॉक. तेथील विख्यात संगीतशाळेच्या पियानो विभागप्रमुखाने त्याचे वादन न ऐकताच त्याला परत पाठवले; अमेरिका हा वाफेच्या यंत्रांचा देश, तेथे संगीतकार कसला निपजणार, अशी त्याची समजूत होती. तीनच वर्षांनी शोपँसारख्या श्रेष्ठ कलावंताने या मुलाच्या वादनाची वाखाणणी केली. पुढे आपल्या गावच्या कृष्णवर्णीय आणि क्रिओल वस्तीतल्या सुरावटी पियानोवर आणून गॉट्सचॉकने युरोप जिंकला आणि १८६९ मध्ये ब्राझीलमध्ये अवघ्या चाळिसाव्या वर्षी तो वारला. युरोपात नाव मिळवणारा पहिला अमेरिकन पियानोवादक म्हणून इतिहास त्याला ओळखतो. पॅरिसच्या त्या प्राध्यापकाने माणसाचा देश पाहिला. दिल्लीच्या रेडिओ अधिकाऱ्यांनी शंभर वर्षांनी वाद्याचा देश पाहिला. वादन ऐकून मग निर्णय करावा, हे दोघांनाही सुचले नाही.

कोल्हापूरची तालीम

गोविंदरावांचा जन्म ५ जून १८८१ चा. त्यांची जडणघडण कोल्हापूरची, आणि तीही त्या नगरीच्या भाग्यकाळातली. १८९४ मध्ये शाहू महाराज गादीवर आले आणि पुढल्याच वर्षी अल्लादियाखाँसाहेब दरबारात दाखल झाले. त्या वेळी गोविंदराव चौदा वर्षांचे होते. ज्या वयात कान कोवळा असतो, त्या वयात हिंदुस्थानातील एका अत्यंत बिकट आणि बुद्धिमान गायकीचा शेजार त्यांना लाभला. गावात गायन समाज देवल क्लब होता. तेथे मोठमोठे कलावंत येत, बैठकी होत, चर्चा झडत. आपल्याला अभिजात संगीताची वाट प्रथम या क्लबात दिसली, हे ऋण गोविंदरावांनी मोकळेपणाने मान्य केले आहे.

पेटी त्यांना कोणी रीतसर गंडा बांधून शिकवली नाही. ती त्यांनी बव्हंशी स्वतःच्या कानाने आणि बोटांनी आत्मसात केली. यात आश्चर्य नाही. कारण या वाद्याला तेव्हा घराणे नव्हते. बीनकाराला, सारंगियाला, तबलजीला परंपरेचा आधार होता. पेटीवाल्याच्या पाठीशी असे कोणीच नव्हते. त्याला गवयाच्या गळ्याकडे पाहूनच वाट काढावी लागे. गोविंदरावांना असा गळा लाभला तो भास्करबुवा बखले यांचा. ग्वाल्हेर, आग्रा आणि जयपूर या तिन्ही गायकींचे संस्कार पचवलेला हा थोर गवई १८६९ चा, म्हणजे गोविंदरावांहून बारा वर्षांनी वडील. त्यांची साथ करता करता गोविंदराव शिकले, आणि शिकता शिकता त्यांच्या साथीचा लौकिक महाराष्ट्रभर पसरला. विसाव्या शतकात केवळ पेटीवादक म्हणून नाव झालेल्या पहिल्या काही मराठी कलावंतांत त्यांची गणना होते.

हे काम किती कठीण होते, ते वाद्याच्या घडणीकडे पाहिल्याशिवाय कळणार नाही. पेटीतून सूर निघतो तो पितळी पातीच्या कंपनातून. प्रत्येक पट्टीची पाती ठरलेली, तिचा सूर ठरलेला. षड्‌जापासून ऋषभापर्यंत गळा जसा घसरत, रेंगाळत जातो, तशी मींड पेटीत निघत नाही. शिवाय तिचे सप्तक बारा समान भागांत वाटलेले. त्यामुळे दरबारीचा आंदोलित गंधार काय किंवा तोडीचा गंधार काय, त्यांची नेमकी श्रुती तिच्यात नसते. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि इंग्रज अधिकारी क्लेमंट्स यांनी बावीस श्रुतींची पेटी बनवण्याची खटपट केली ती याच उणिवेपोटी. पण ते वाद्य गुंतागुंतीचे झाले आणि रूढ झाले नाही.

मग वादकाच्या हाती उरते काय? उरतो तो भाता आणि उरते ती बोटांची युक्ती. भात्याचा दाब कमीअधिक करून सुराला श्वास देता येतो. शेजारच्या स्वराला निसटता स्पर्श करून मींडेचा आभास निर्माण करता येतो. एक पट्टी पूर्ण सुटण्यापूर्वी दुसरी दाबून सुरांतली फट बुजवता येते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, जेथे पेटी खोटे बोलणार तेथे गप्प बसता येते. उत्तम साथीदार गवयाच्या आलापीत कोठे थांबावे हे जाणतो. गोविंदरावांच्या पिढीने हे तंत्र घडवले. पी. मधुकर, गोविंदराव पटवर्धन, तुळशीदास बोरकर यांच्यासारख्या पुढल्या वादकांना जी पायवाट मिळाली, तिच्या आरंभी गोविंदराव टेंबे उभे आहेत.

'मानापमान'चे नवल

पेटीवादकाची एक सामाजिक अडचण होती, ती आजही पुरती सरलेली नाही. पश्चिमेत लिस्टने १८३९-४० च्या सुमारास एकट्या पियानोवादकाने सबंध मैफल रंगवण्याचा पायंडा पाडला आणि पियानोवादक हा स्वतंत्र कलावंत ठरला. आपल्याकडे पेटीवाला गवयाच्या डाव्या हाताला बसला तो बसलाच. त्याने क्वचित एकल वादन केले तरी त्याचे मोल साथीवरूनच ठरे. गोविंदरावांसारख्या कल्पक माणसाला हे आसन फार दिवस पुरणार नव्हते. त्यांच्या मनात सुरावटी जन्म घेत होत्या. त्यांना वाट हवी होती. ती वाट नाटकाने दिली.

१२ मार्च १९११ रोजी किर्लोस्कर नाटक मंडळीने कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे 'मानापमान' मुंबईत रंगभूमीवर आणले. संगीत टेंब्यांचे होते आणि त्यांनी वयाची तिशीही गाठली नव्हती. त्यापूर्वीचे नाट्यसंगीत अण्णासाहेब किर्लोस्करांच्या वळणाचे होते. कीर्तनातल्या चाली, साकी, दिंडी, कर्नाटकी धाटणीची पदे यांवर ते पोसलेले होते. त्याची गोडी अवीट खरी. पण तिला एक मर्यादा होती. गोविंदरावांनी दृष्टी पूर्वेकडे वळवली. बनारसच्या बाजूची ठुमरी, दादरा, कजरी यांचा छंद त्यांना लागला होता. मौजुद्दीनसारख्या ठुमरीगायकाच्या गायकीने ते भारावले होते. त्या सुरावटी त्यांनी मराठी रंगभूमीवर आणल्या आणि खाडिलकरांनी त्या चालींवर मराठी शब्द बसवले. भामिनीच्या भूमिकेत बालगंधर्व होते. त्या गळ्यातून ही पदे बाहेर पडली आणि मराठी माणसाचा कान कायमचा बदलला.

मराठी मनाला जे नाट्यसंगीत आपल्या अस्मितेची खूण वाटते, त्याच्या एका वैभवशाली पर्वाची सुरावट पूरबेकडली आहे. ज्या मुलखातून भिवंडीचे विणकर आले, त्याच मुलखातून भामिनीच्या पदांचे सूर आले. ते बसवणाऱ्याचे वाद्य फ्रान्सचे, त्याला पेटीचे रूप देणारा बंगालचा, बसवणारा कोल्हापूरचा, आणि गाणारा तर मराठी माणसाच्या हृदयाचा राजा. या साखळीतली कोणतीही एक कडी परकी म्हणून काढून टाकली असती तर 'मानापमान' झाले नसते. हे नाटक एका शतकाहून अधिक काळ मराठी रंगभूमीवर वावरले आणि जानेवारी २०२५ मध्ये त्याच्या आधारे चित्रपटही निघाला.

भागीदारी आणि वियोग

यशाबरोबर व्यवहाराची कटकट आली. नानासाहेब जोगळेकरांच्या निधनानंतर किर्लोस्कर मंडळीत बेबनाव वाढला. १९१३ मध्ये खाडिलकरांचे 'विद्याहरण' रंगभूमीवर आले. त्याचेही संगीत टेंब्यांचे. त्याच वर्षी बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे या तिघांनी बाहेर पडून गंधर्व नाटक मंडळी काढली. पेटीवादक आता मालक झाला होता, आणि नटही. बालगंधर्वांच्या भामिनीसमोर धैर्यधराच्या वेषात उभे राहणे हे धैर्याचेच काम. गोविंदरावांनी ते केले.

परंतु ही भागीदारी दोन वर्षेच टिकली. १९१५ मध्ये गोविंदराव बाहेर पडले आणि त्यांनी शिवराज नाटक मंडळी स्थापन केली. पुढे बोडसही गंधर्व मंडळी सोडून गेले. या वियोगाचा दोष कोणाच्या माथी मारावा, या वादात शिरण्याचे प्रयोजन नाही. एवढे मात्र दिसते की, गंधर्व मंडळीची भरजरी कीर्ती शिवराजच्या वाट्यास आली नाही. १९१६ च्या 'स्वयंवर'चे संगीत दिले भास्करबुवांनी. म्हणजे शिष्याने मोकळी केलेली जागा खुद्द गुरूने भरली. त्या नाटकाच्या पदांनी बालगंधर्व कळसास पोचले. गोविंदराव त्या वेळी दुसऱ्या मंडळीचा संसार सांभाळीत होते. व्यवहारात त्यांना हे पाऊल महाग पडले असेल. पण दुसऱ्याच्या वैभवात सुखाने बसून राहण्याचा त्यांचा पिंड नव्हता. या धडपडीत त्यांचे जाहीर पेटीवादन मात्र हळूहळू मागे पडले. ज्या वाद्याने त्यांना दारात आणले, ते वाद्य दाराशीच राहिले.

बोलपट आणि लेखणी

नाटकमंडळ्यांचा काळ मावळू लागला तेव्हा गोविंदराव पन्नाशीला आले होते. त्या वयात बहुतेक कलावंत गेलेल्या दिवसांच्या आठवणी काढीत बसतात. गोविंदराव कोल्हापुरातच निघालेल्या प्रभात फिल्म कंपनीत गेले. १९३२ मध्ये व्ही. शांताराम यांनी दिग्दर्शित केलेला 'अयोध्येचा राजा' हा पहिला मराठी बोलपट पडद्यावर आला. हरिश्चंद्र टेंबे, तारामती दुर्गा खोटे, आणि संगीत पुन्हा टेंब्यांचेच. पार्श्वगायनाची सोय तेव्हा नव्हती. नटाने कॅमेऱ्यापुढे उभे राहून गायचे आणि वादकांनी चौकटीबाहेर बसून साथ करायची. ज्याने आयुष्यभर दुसऱ्याच्या गळ्याचा मागोवा घेतला, त्याला आता यंत्राच्या कानाशी जुळवून घ्यायचे होते. 'माया मच्छिंद्र', 'सिंहगड', 'सैरंध्री' या प्रभातच्या आरंभीच्या चित्रपटांनाही त्यांचेच संगीत आहे. मराठी चित्रपटसंगीताचा पाया घालणाऱ्यांत त्यांचे नाव अग्रभागी आहे, ते या कामगिरीमुळे.

याहून टिकाऊ काम त्यांनी लेखणीने केले. 'माझा संगीत व्यासंग' १९३९ मध्ये आणि 'माझा जीवनविहार' १९४८ मध्ये प्रसिद्ध झाला. अल्लादियाखाँसाहेबांचे चरित्रही त्यांनी लिहिले. आपल्याकडे गवयांविषयी आख्यायिका भरपूर, पण जवळून ऐकलेल्या गाण्याची डोळस नोंद विरळा. गोविंदरावांच्या लेखनात ती आहे. ते ज्या कोनातून मैफल पाहत, तो साथीदाराचा कोन होता. गवयाच्या इतके निकट, तरीही गवयापासून अलग. एक कान सुरावर आणि एक डोळा श्रोत्यांवर. 'महाश्वेता' आणि 'जयदेव' या संगीतिकांतून त्यांनी संपूर्ण नाट्य संगीतातच बांधण्याचाही प्रयोग केला. ९ ऑक्टोबर १९५५ रोजी वयाच्या पंच्याहत्तराव्या वर्षात त्यांचे निधन झाले.

निवाडा कोणी करावा?

आता त्या बंदीकडे पुन्हा वळू. ती घालणारे किंवा तिला पाठिंबा देणारे लोक अडाणी नव्हते. रेडिओचे प्रमुख लायनेल फील्डन होते. पाश्चात्त्य संगीताचे जाणकार जॉन फोल्ड्‌स यांनी १९३८ मध्ये या वाद्यावर कडक टीका केली होती. रवींद्रनाथांचाही पेटीला विरोध होता. त्यांनी दाखवलेल्या उणिवा खऱ्या होत्या, आणि पेटीच्या साथीने कित्येक गळ्यांची श्रुतींची जाण बोथट झाली, हे तर आपले गवईही सांगत आले आहेत. तेव्हा प्रतिपक्षाला हसण्यावारी नेणे योग्य होणार नाही.

परंतु उणीव दाखवणे वेगळे आणि हद्दपार करणे वेगळे. वाद्याची उणीव हा त्या वाद्याच्या साधकाने सोडवण्याचा प्रश्न आहे. गोविंदरावांनी आणि त्यांच्या मागून आलेल्यांनी तो बोटांनी सोडवीत आणला. रेडिओने तो प्रवेशद्वारावरच्या पहारेकऱ्याकडे सोपवला. उगम पाहून निवाडा करण्याची ही रीत एकदा मान्य केली की ती वाद्यांपाशी थांबत नाही. आज पेटी विलायती ठरते. उद्या ठुमरी परप्रांताची ठरते. परवा ती गाणारा माणूसच परका ठरतो. भिवंडीने १९७० आणि १९८४ मध्ये आपपरभावाच्या या हिशोबाची किंमत रक्ताने मोजली आहे. संगीतातला वाद आणि रस्त्यावरची दंगल यांना एका तराजूत घालण्याचा येथे हेतू नाही. दोन्हींच्या तळाशी जन्मस्थान विचारण्याची एकच खोड असते, एवढेच निदर्शनास आणायचे आहे.

टेंब्यांच्या चरित्रातून निघणारा बोध साधा आहे. परक्या देशातून आलेले, उणिवांनी भरलेले एक वाद्य त्यांनी हाती घेतले. ते वाजवता वाजवता दूरच्या प्रांताची सुरावट त्यांनी आपल्या भाषेच्या ओंजळीत आणली. आणि ती आपली आहे की नाही, हे महाराष्ट्राने नाट्यगृहे भरून सांगितले. भिवंडीतल्या गणेशोत्सवाच्या भजनात जी पेटी वाजते, तीच उरुसाच्या कव्वालीतही वाजते. पट्ट्या त्याच आणि भाताही तोच. ती कोणाची, असा खटला उभा राहिलाच, तर त्यात पॅरिसच्या पेटंटाबरोबर गोविंदराव टेंब्यांच्या बोटांची साक्षही काढावी लागेल.